भरल्या पटावरून उठणे

आमच्या घरी संध्याकाळचे भोजन आटोपले की धाकटा नातू मोबाइल घेऊन दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसतो. बुद्धिबळ खेळतो म्हणून कोणी हटकत नाही. निदान डोक्याचा तरी खेळ आहे, असे त्याच्या आजीचे मत. गेल्या महिन्यात मी सहज डोकावलो, तर पट निराळाच दिसला. चार बाजूंना चार रंगांची सैन्ये उभी होती. नातवाचा वजीर नुकताच मारला गेला होता. त्याने ओठ दुमडले, एक बटण दाबले आणि फोन पालथा ठेवून तो उठला. मी फोन उलटून पाहिला. त्याची सारी मोहरी करडी पडली होती आणि त्याचा राजा मात्र एकटाच, कोणी न चालवता, या घरातून त्या घरात भटकत होता.

‘‘हे काय रे?’’

‘‘मी डाव सोडला ना, आजोबा. आता राजा आपोआप हिंडतो, कोणीतरी मात देईपर्यंत.’’

‘‘आणि ते बाकीचे तिघे?’’

‘‘ते खेळतील की! माझा डाव होता, मी सोडला. त्यांचं काय गेलं?’’

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. परंतु ‘त्यांचे काय गेले’ हा प्रश्न ज्याने आयुष्यभर खातेवह्या तपासल्या त्याला स्वस्थ बसू देणारा नाही. म्हणून मी पुढचे काही दिवस नातवालाच गुरू करून हा खेळ समजून घेतला. अनेक वाचकांच्या घरी मुले हे खेळत असतील, आणि अर्ध्या डावातून उठणाऱ्याला दंड असावा की नसावा, या वादात ती हिरिरीने बोलतही असतील. तो वाद पोरकट नाही, असे आता माझे मत झाले आहे.

आपल्या नेहमीच्या दोघांच्या बुद्धिबळात डाव सोडणे हा दोष मानला जात नाही. प्रतिस्पर्ध्याने हार पत्करल्याचे जाहीर केले की डाव जिंकला गेला, असे फिडेच्या नियमांतच आहे. हार पत्करणाऱ्याला त्याबद्दल वेगळी शिक्षा नाही. उलट, स्थिती पूर्ण ढासळल्यावरही मात होईपर्यंत रेटत राहणे हेच मुरलेल्या खेळाडूंत थोडे असभ्य समजले जाते. समोरच्याला जे मिळायचे ते पूर्ण मिळालेले असते, थोडे आधी मिळाले इतकेच. बँकेतल्या भाषेत सांगायचे तर हे कर्जाची मुदतपूर्व परतफेड करण्यासारखे झाले. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा परतफेडीचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना बजावले, ते मला तेव्हाही पटले होते. देणेकरी लवकर मोकळा झाला आणि घेणेकऱ्याचे पैसे बुडाले नाहीत, तर दंड कशाचा?

चौघांच्या पटावर हा हिशेब बदलतो, आणि तो कसा बदलतो हे पाहण्याजोगे आहे. चेस डॉट कॉमवर जो चौघांचा खेळ आहे त्याचा पट चौदा बाय चौदाचा असून चारही कोपऱ्यांतली तीन बाय तीनची चौकटे कापलेली असतात. म्हणजे घरे १६०. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार रंग आणि चाली घड्याळाच्या दिशेने. प्रत्येकजण स्वतःसाठी लढतो तेव्हा निकाल गुणांवर ठरतो. प्याद्याचा १ गुण, घोड्याचे ३, उंटाचे ५, हत्तीचे ५, वजिराचे ९ आणि राजावर मात केल्यास २०. शेवटपर्यंत जिवंत राहिलेला पहिला येईलच असे नाही. मोहरी मारून जमवलेली पुंजी ज्याची मोठी, तो पहिला. व्यापारी घरातल्या मुलांना हा खेळ का रुचतो, हे लगेच ध्यानात यावे!

आता समजा, हिरव्याने सहाव्या चालीला डाव सोडला. नेहमीच्या नियमांप्रमाणे त्याची मोहरी करडी होतात. पटावर ती अडगळीसारखी उभी राहतात, मारली तरी शून्य गुण. लालने चार-पाच चाली खर्चून हिरव्याचा वजीर कोंडीत पकडला असेल तर त्याचे हातातोंडाशी आलेले ९ गुण क्षणात मातीमोल झाले. याउलट त्या भटक्या राजावर मात करणाऱ्याला २० गुण अजूनही मिळतात. म्हणजे ज्याची मोहरी योगायोगाने त्याच्या जवळ उभी आहेत त्याला जवळजवळ बसल्या जागी घबाड. सर्वांत वाईट अवस्था निळ्याची. या खेळात समोरासमोरचे दोघे सुरुवातीला एकमेकांना सहसा छेडत नाहीत, कारण दोघांनाही डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचाच धोका असतो. हिरवा हा निळ्याच्या समोरचा. तो उठून गेला की लाल आणि पिवळा यांची एकेक बाजू मोकळी होते आणि ते दोघे मधल्या निळ्याला चेपू लागतात. निळ्याने एकही चाल चुकलेली नाही. तरी तो बुडाला.

समोरासमोरच्या दोघांची जोडी करूनही हा खेळ खेळतात. तिथे एकाला मात झाली की जोडीच हरते, त्यामुळे जोडीदार हातपाय गाळून बसला तर दुसऱ्याने कितीही उत्तम खेळून उपयोग नसतो.

नातवाला मी हे सारे भिशीच्या भाषेत सांगितले. वीस जणांची भिशी असते. एकाने दोन हप्ते भरले आणि तिसऱ्या महिन्यात ‘माझे पैसे, माझी मर्जी’ म्हणून तो बाजूला झाला. त्याला वाटते, आपण आपल्यापुरते थांबलो. पण ज्याने मुलीच्या लग्नासाठी सोळाव्या महिन्याची उचल धरून ठेवली आहे, त्याच्या रकमेला भोक पडते. दोघांच्या व्यवहारात माघार घेतली तर समोरच्याचा फायदा होतो. अनेकांच्या व्यवहारात माघार घेतली तर कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हे माघार घेणारा ठरवत नाही आणि बहुधा बघतही नाही. भिशी त्याला कळली, कारण त्याची आई भिशीत आहे.

चौघांचे बुद्धिबळ ही इंटरनेटची उपज आहे, असा त्याचा समज होता, तो मात्र मी खोडून काढला. गझनीच्या महमुदाच्या काळातला विद्वान अल-बिरुनी याने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात चौघांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. तिथेही मोहऱ्यांना मोल होते: राजाचे ५, हत्तीचे ४, घोड्याचे ३, रुखाचे २ आणि प्याद्याचा १, आणि पणाच्या रकमेतला वाटा त्या हिशेबाने ठरे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पटाभोवती चार माणसे प्रत्यक्ष बसलेली असत. अर्ध्या डावातून उठणाऱ्याला उरलेल्या तिघांच्या नजरेला नजर द्यावी लागत असणार. फोन पालथा ठेवणाऱ्याला ती द्यावी लागत नाही, एवढा फरक पडला आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

दोघांचा खेळ असूनही माघारीचा फटका तिसऱ्याला बसतो, याचे मोठे उदाहरण २०२२ साली साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत सेंट लुईसला सिंकफील्ड कप ही साखळी पद्धतीची स्पर्धा चालू होती. दहा खेळाडू, प्रत्येकाचे नऊ डाव. जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने पहिल्या फेरीत इयान नेपोम्नियाचीला हरवले, दुसरीत लेव्हॉन अरोनियनशी बरोबरी केली आणि तिसऱ्या फेरीत तो हान्स निमन या तरुण खेळाडूकडून हरला. दुसऱ्या दिवशी, ५ सप्टेंबरला, त्याने स्पर्धाच सोडली. निमनविषयीची त्याची शंका आणि पुढचा कोर्टकज्जा हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. माझे लक्ष गुणतक्त्याकडे. साखळी स्पर्धेत निम्म्याहून कमी डाव खेळून कोणी गेला तर त्याचे निकाल अंतिम गुणांत धरत नाहीत, असा नियम आहे. त्याप्रमाणे कार्लसनचे तीनही डाव तक्त्यातून पुसले गेले. निमनने जगज्जेत्यावर मिळवलेला विजय गुणांपुरता नाहीसा झाला. नेपोम्नियाचीचा पराभवही नाहीसा झाला. आणि तोच खेळाडू शेवटी अलीरझा फिरोजाबरोबर संयुक्तपणे अव्वल येऊन जेतेपदाच्या निर्णायक लढतीला बसला. फिरोजा जिंकला म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही इतकेच. जिंकलेल्याचे गेले, हरलेल्याचे परत आले, आणि उठून जाणारा विमानात होता.

हे नवीन नव्हे. १९६७ मध्ये ट्युनिशियातील सूस येथे बॉबी फिशर आघाडीवर असताना आयोजकांशी भांडून स्पर्धेतून निघून गेला. त्याचेही निम्मे डाव झालेले नव्हते, तेव्हा त्याचेही सारे निकाल पुसावे लागले.

कार्लसनने त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, इंटरनेटवरच्या ज्युलियस बेअर जनरेशन कपमध्ये निमनशी गाठ पडताच एक चाल खेळून डाव सोडला आणि कॅमेरा बंद केला. तिथे विजयाला तीन गुण होते. ते तीन गुण निमनला घाम न गाळता मिळाले. त्याच निमनशी झुंजून ज्यांनी गुण मिळवायचे होते, त्या इतर स्पर्धकांना ती सवलत कोणी दिली नाही. कार्लसनला स्वतःला काही तोशीस पडली का? तो प्राथमिक फेरीत पहिला आला आणि अंतिम लढतीत आपल्या अर्जुन एरिगैसीला हरवून स्पर्धाही जिंकला.

डिसेंबर २०२३ मध्ये फिडेच्या नैतिकता व शिस्त आयोगाने निकाल दिला. इतर आरोपांतून कार्लसनला मोकळे केले, पण सबळ कारणाशिवाय सिंकफील्ड कप सोडल्याबद्दल १०,००० युरोंचा दंड केला. म्हणजे जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूलाही ‘माझा डाव होता, मी सोडला’ असे म्हणता आले नाही. नातवाला हे सांगितले तेव्हा त्याने आधी कार्लसनची बाजू घेतली, मग दंडाचे रुपये किती होतात ते विचारले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. उठला की दंड करा. बँकेतली माझी पहिली काही वर्षे मीही असाच होतो. नियमात कलम असले की ते लावायचे. परंतु इंटरनेटवरच्या पटावर एक अडचण अशी आहे की उठलेला आणि उठवला गेलेला यांतला भेद पलीकडून दिसत नाही. वीज गेली, नेटवर्क गेले, आजारी माणसाने हाक मारली, तरी पडद्यावर दिसते ते एकच.

ही अडचण किती मोठी आहे हे २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडने दाखवले. करोनामुळे ती स्पर्धा घरोघरी बसून खेळली गेली. एकेका लढतीत संघाचे सहा पट. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाविरुद्ध निहाल सरीनच्या प्रतिस्पर्ध्याचे, हाइक मार्टिरोस्यानचे, इंटरनेट तुटले आणि वेळ संपून तो डाव भारताला मिळाला. आर्मेनियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. चिडून आर्मेनियाच्या संघाने दुसरी लढत खेळण्यास नकार दिला आणि भारत पुढे गेला. मग ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिली लढत ३–३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, दोघांची वेळ संपली आणि रशिया जिंकला. त्या दिवशी इंटरनेटची एक मोठी यंत्रणा जगभर कोलमडली होती, त्याला दोघांचाही इलाज नव्हता. या वेळी भारताने दाद मागितली. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिले.

त्या संयुक्त सुवर्णाचा आनंद मलाही झाला होता, तो लपवत नाही. तथापि दोन दिवस आधी आर्मेनियाच्या खेळाडूचे इंटरनेट तुटले तेव्हा आपल्यापैकी किती जणांना हळहळ वाटली होती? नियम एकच होता. आधी तो आपल्या पदरात दान टाकत होता, नंतर तो आपल्याला बोचला. दंडाचा विचार करताना हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत, असे मला वाटते.

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर बँक व्याजातून थोडा दंड कापते. याचे कारण सरळ आहे: त्या ठेवीच्या भरवशावर बँकेने दुसऱ्या कोणाला कर्ज दिलेले असते. परंतु ठेवीदाराचे निधन झाले आणि वारसांनी ठेव मोडली तर दंड आकारायचा नाही, असाच दंडक आहे. तोटा बँकेला दोन्ही वेळी सारखाच होतो. तरी एकदा दंड आणि एकदा नाही. एका शाखेत माझ्या समोर बसलेल्या एका विधवा भगिनीचे कागद पाहून तरुण कारकुनाने सवयीने दंड लावला होता. मी तो खोडून रक्कम पुन्हा काढायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, सिस्टीम आपोआप लावते.’’ संगणकाने आपोआप लावलेला दंड आणि माणसाने तपासून लावलेला दंड यांत जे अंतर आहे, तेच या खेळात आडवे येते. लाखो डावांत प्रत्येकाची हकिकत ऐकायला कोण बसणार?

म्हणून मला लीचेस या विनामूल्य संकेतस्थळाची रीत त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. ती दोघांच्या डावासाठी आहे, पण तिच्यातले तत्त्व चौघांनाही लागू पडावे. तिथे अगदी आरंभी, चाली सुरू होतानाच, डाव रद्द करता येतो. कोणाचे रेटिंग हलत नाही. समोरचा डाव न सोडता नुसताच निघून गेला तर थोडी वाट पाहून उरलेल्याला विजयावर हक्क सांगता येतो, किंवा मनात आले तर तो बरोबरीही घेऊ शकतो. आणि जो वारंवार असे करतो त्याला काही काळ खेळायला बंदी होते. सवय सुटली नाही तर बंदीचा काळ वाढत जातो. एकदा उठलेल्याला कोणी जाब विचारत नाही. हिशेब एका दिवसाचा होत नाही, खात्याच्या इतिहासाचा होतो. कर्जदाराचा एक हप्ता थकला म्हणून त्याच्या दारावर नोटीस चिकटवणारा अधिकारी आणि तीन वर्षांचा उतारा पाहून बोलणारा अधिकारी यांतला हा फरक आहे.

जबर दंडाला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे, आणि ते कारण मला नातवानेच दाखवले. मी त्याला म्हटले, उद्यापासून डाव सोडशील तर आठवडाभर खेळ बंद, असा नियम केला तर? तो चटकन म्हणाला, ‘‘मग मी सोडणारच नाही. ज्याने माझा वजीर मारला, त्याला हरवायला उरलेली सगळी मोहरी दुसऱ्याला मारू देईन.’’ वय वर्षे बारा! दोघांच्या डावात रुसलेल्या खेळाडूने वेडेवाकडे खेळून फक्त स्वतःचे नुकसान होते. चौघांच्या डावात रुसलेला माणूस पटावर राहिला तर एकाला राजा करू शकतो आणि दुसऱ्याला भिकेला लावू शकतो. तो उठून गेला असता तर बरे, अशी वेळ येते. भागीदारीच्या पेढीत मन उडालेल्या भागीदाराला करारातल्या दंडाच्या भीतीने बांधून ठेवले की दुकानाचे काय होते, हे वाचकांना मी सांगावे असे नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला कोंडून ठेवण्यात फायदा नसतो.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. उठणाऱ्याचे स्वतःचे नुकसान व्हावे यापेक्षा उरलेल्यांचे होऊ नये, याची सोय आधी करावी. चौघांपैकी कोणी पहिल्या काही चालींतच गेला तर उरलेल्या तिघांचे रेटिंग त्या डावापुरते गोठवावे किंवा तिघांच्या संमतीने डाव रद्द करू द्यावा. मध्यावर गेला तर त्याच्या मोहऱ्यांचे मोल एकदम शून्य न करता निम्मे तरी ठेवावे, म्हणजे ज्याने कष्टाने कोंडी केली त्याचे श्रम वाया जाणार नाहीत. जाणाऱ्याला चौथा क्रमांक आणि त्याचे रेटिंग, इतकी किंमत पुरे. सवयीने उठणाऱ्यांसाठी मात्र बंदी असावीच, आणि सवय किती डावांची हे आधी जाहीर केलेले असावे. या सूचना कोणी ऐकेल असा माझा भ्रम नाही. नातवाने ऐकल्या आणि निम्म्या मोलाची कल्पना ‘‘चालेल’’ म्हणून मंजूर केली.

मध्ये एकदा तोच निळा झाला होता. त्याच्या समोरचा तिसऱ्याच मिनिटाला डाव सोडून गेला, दोन्ही बाजूंनी चेपला जाऊन तो चौथ्याऐवजी तिसरा कसाबसा आला आणि तासभर कोणाशी बोलला नाही. मी काही विचारले नाही.

आता तो खेळायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावून विचारतो, ‘‘आई, जेवायला किती वेळ आहे?’’ वीस मिनिटे म्हटले तर फोन ठेवून देतो. परवा पाऊण तास आहे असे कळले, तर राउटरचा दिवा नीट लागला आहे का तेही मला उठवून बघायला लावले.